टर्बो किट विकत घ्यायचं की स्वतः जुळवायचं?

टर्बो, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा, बसवायचा हे मनात पक्कं झालं की बहुतेक जण सगळ्यात आधी टर्बोच शोधायला लागतात, आणि घोळ तिथंच सुरू होतो. या सगळ्या कामात टर्बो ही सर्वांत सोपी खरेदी आहे. अवघड असतात त्याच्या भोवतीच्या चाळीस-पन्नास वस्तू : तेलाच्या नळ्या, फ्लँज, स्टड, गॅसकेट, इंजेक्टर, सेन्सर, होज, क्लिपा आणि या सगळ्यांचा ताळमेळ राखणारा ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर. चांगलं किट घेता तेव्हा या वस्तू एकमेकींना जुळतात याची खात्री दुसऱ्या कुणीतरी आधीच करून घेतलेली असते. स्वतः जुळवायचं ठरवता तेव्हा ती खात्री करण्याचं काम तुम्ही अंगावर घेता. दोन्हींच्या किमतीतला फरक हा मुख्यतः याच कामाचा मोबदला असतो. तो वाचवण्याइतका वेळ, हत्यारं आणि हातातलं कसब आपल्याकडे आहे का, एवढंच ठरवायचं आहे.

इथलं सगळं गणित कारखान्यातून बिनटर्बोच्या आलेल्या, मल्टिपॉइंट इंजेक्शनच्या (दर सिलिंडरच्या इनटेकमध्ये वेगळा इंजेक्टर असलेल्या) पेट्रोल इंजिनाचं आहे.

आधी इंजिनाची नाडी

किट घ्या किंवा जुळवा, थकलेल्या इंजिनावर दोन्ही वाया. इंजिन गरम करा, सगळे प्लग काढा, इंधन आणि इग्निशन बंद ठेवा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि कॉम्प्रेशन मोजा. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी सिलिंडरमध्ये १० टक्क्यांहून अधिक तफावत असेल तर तिथंच थांबा. नंतर लीक-डाउन चाचणी घ्या, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबाची हवा सोडून ती किती गळते ते मोजा. गळती १० टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम. २० च्या वर गेली तर इंजिन खोलावंच लागेल. गळती कुठून होते ते कानानं कळतं. तेल भरायच्या झाकणातून फुसफुस आली तर रिंगा, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, थ्रॉटलमधून आली तर इनटेक व्हॉल्व्ह आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले तर हेड गॅसकेट.

त्यानंतर कॉम्प्रेशन रेशो पाहा, म्हणजे पिस्टन सिलिंडरातली हवा किती पट दाबतो ते. ९ ते ९.५ असेल तर चांगल्या इंधनावर आणि नीट ट्यूनिंगवर ०.५ बार बूस्ट (बाहेरच्या हवेपेक्षा टर्बोनं वाढवलेला दाब) निभावतो. १०.५ ते ११ असेल तर ०.३ ते ०.४ बारवर समाधान माना. त्यापुढं जायचं तर फोर्ज्ड पिस्टन हवेत. कारखान्याचे ओतीव पिस्टन दाबानं सहसा तुटत नाहीत, ते तुटतात नॉकिंगनं, म्हणजे इंधन अवेळी स्फोटासारखं पेटल्यानं. दुसरं कारण रिंगेच्या फटीचं. बिनटर्बोच्या इंजिनात रिंगेच्या दोन टोकांमधली फट कमी ठेवलेली असते. टर्बोच्या उष्णतेनं रिंग फुगली की टोकं एकमेकांना भिडतात, रिंग सिलिंडरमध्ये अडकते आणि पिस्टनची कड उचकटून निघते. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, पिस्टन कच्चा होता.

मग आकडा, आणि तोही कागदावर

‘थोडी जास्त ताकद हवी’ हा आकडा नाही. १.६ लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन आणि ६५०० आरपीएम धरू. चार स्ट्रोकचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा आपल्या क्षमतेइतकी हवा ओढतं, म्हणजे मिनिटाला १.६ × ३२५० = ५२०० लिटर. प्रत्यक्षात ८५ टक्के भरतं असं धरलं तर ४४२० लिटर. लिटरला १.२ ग्रॅमनं ही हवा झाली ५.३ किलो. आता ०.५ बार बूस्ट द्या, म्हणजे दाब दीडपट. इंटरकूलरमधून (दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीतून) हवा ५० अंशांच्या आसपास बाहेर पडली तर घनता साधारण ८ टक्के घटते. ५.३ × १.५ × ०.९२ म्हणजे मिनिटाला ७.३ किलो हवा. दर किलोमागे ढोबळमानानं २१ अश्वशक्ती धरा. इंजिनाला दीडशेच्या आसपास मिळतील.

इंधनाचा हिशेब याच हवेवरून निघतो. बूस्टखाली हवा-इंधन प्रमाण ११.८ ठेवायचं तर ७.३ किलो हवेला ०.६२ किलो पेट्रोल लागतं, म्हणजे सुमारे ८४० सीसी. चार इंजेक्टरांत वाटले तर प्रत्येकी २१० सीसी मिनिटाला. इंजेक्टर ८० टक्क्यांच्या वर सतत उघडा ठेवायचा नसतो, म्हणून किमान २६०. थोडी मोकळीक ठेवून ३०० ते ३५० सीसीचे घ्या. मूळचे तुमच्या इंजिनात किती सीसीचे आहेत हे शोधून काढा आणि पुढचा निर्णय त्या आकड्यावरच घ्या.

कॉम्प्रेसरचा नकाशा (टर्बो किती दाबाला किती हवा देतो त्याचा आलेख) पाहताना मात्र दाबाचं गुणोत्तर १.५ नव्हे, १.६ धरा. एअर फिल्टर थोडा दाब खातो, इंटरकूलर आणि पाईप थोडा खातात, आणि ती भरपाई टर्बोलाच करावी लागते. नकाशांवर हवा बहुधा पौंडात असते. ७.३ किलो म्हणजे १६ पौंड. हा बिंदू नकाशाच्या मध्यावरच्या उच्च कार्यक्षमतेच्या वर्तुळांत पडायला हवा. शिवाय ३००० आरपीएमचा बिंदूही काढा. तो डावीकडच्या सर्ज रेषेला (जिच्या पलीकडं हवा उलटी फिरते) चिकटला तर टर्बो मोठा आहे. हौसेनं मोठा टर्बो घेणं ही जुळवणाऱ्यांची नेहमीची चूक. गाडी रोज ज्या आरपीएमवर चालते तिथं तो झोपलेला असतो.

किट घेण्याआधी विचारायचे प्रश्न

पहिला प्रश्न इंजिनाच्या कोडचा. गाडीचं नाव जुळणं पुरेसं नाही. तीच गाडी दोन वेगळ्या इंजिनांसह, दोन वेगळ्या ईसीयूंसह येते. स्टिअरिंग कुठल्या बाजूला आहे हेही विचारा. डाव्या स्टिअरिंगच्या गाडीवर मापून केलेला मॅनिफोल्ड (हेडमधला एक्झॉस्ट टर्बोपर्यंत नेणारा भाग) उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत नेमका स्टिअरिंग कॉलमला किंवा ब्रेक बूस्टरला जाऊन भिडतो. एसीचा कॉम्प्रेसर, एबीएसचा डबा आणि रेडिएटरचा पंखा जागेवर राहतात का, हे फोटोसह मागा.

दुसरा प्रश्न ट्यूनिंगचा, आणि किटचं खरं मोल यातच आहे. बेस मॅप, म्हणजे ईसीयूमध्ये भरायचा इंधन आणि टायमिंगचा सुरुवातीचा तक्ता, सोबत मिळतो का? कुठल्या इंजेक्टरवर, किती ऑक्टेनच्या इंधनावर, किती बूस्टला तो तपासलाय? तुमच्याच इंजिनाचा डायनोवरचा (ताकद मोजणाऱ्या यंत्रावरचा) आलेख हवा-इंधन प्रमाणासह दाखवता येतो का? हे मिळत असेल तर किट महाग वाटलं तरी बहुधा रास्त असतं.

खोक्यात इंजेक्टर आणि ईसीयूचा काहीच बंदोबस्त नसेल तर ते अर्धंच किट समजा. टर्बो कुठल्या कारखान्याचा हे सांगत नसतील, कॉम्प्रेसरचा नकाशा नसेल, तेलाच्या परतीच्या नळीसाठी चेंबरला (इंजिनाखालच्या तेलाच्या तसराळ्याला) जोडायचा फ्लँज नसेल, तर सोडून द्या. ‘सगळ्या गाड्यांना चालतं’ असं लिहिलेल्या किटमध्ये तर न मोजता भरलेल्या वस्तू असतात. त्यातला मॅनिफोल्ड कापावा लागतो, होज आखूड पडतात, क्लिपा बदलाव्या लागतात. जुळवण्याची सगळी मेहनत होतेच, वर हलक्या मालाचे पैसे जातात. गाडी एकच आहे आणि रोज कामाला लागते, अशांनी आपल्या इंजिनाचं सिद्ध झालेलं किट मिळत असेल तर तेच घ्यावं. जुळवणीत गाडी कित्येक आठवडे उभी राहते.

स्वतः जुळवायचं तर कस कुठं लागतो

मॅनिफोल्डपासून सुरुवात करा, कारण बाकी सगळ्यांची जागा तो ठरवतो. पेट्रोल इंजिनाचा एक्झॉस्ट टर्बोपाशी पूर्ण जोरात ९०० अंशांच्या घरात जातो. ३०० मिलिमीटर लांबीची स्टेनलेसची नळी ८०० अंशांनी तापली तर सुमारे ४ मिलिमीटर वाढते. हेड तेवढं वाढत नाही. हा फरक कुठंतरी निघणारच : वेल्डला तडा, वाकलेला फ्लँज किंवा सैल झालेले स्टड. म्हणून पातळ भिंतीच्या सुंदर, लांब, वळणदार नळ्यांचा मोह टाळा. पहिल्यांदा करणाऱ्यानं साध्या लोखंडाच्या जाड, शेड्यूल ४० च्या (नळीच्या भिंतीच्या जाडीचं एक प्रमाण) बेंडचा आखूड मॅनिफोल्ड करावा. लोखंड स्टेनलेसपेक्षा कमी वाढतं, वेल्डला सोपं आणि चुकलं तर स्वस्तात पुन्हा होतं.

फ्लँज १० ते १२ मिलिमीटर जाडीचे घ्या. वेल्डिंग करताना हेडचा फ्लँज एखाद्या निकामी हेडला किंवा जाड प्लेटला सगळ्या बोल्टांनी आवळून ठेवा, थोडं थोडं, आलटून पालटून टाके घाला आणि पूर्ण गार होईपर्यंत सोडू नका. एवढं करूनही फ्लँज वाकतो, तेव्हा शेवटी मिलिंगवर तोंड सपाट करून घ्या. हे टाळलं की गॅसकेट फुंकतं, आणि नवं गॅसकेट टाकूनही फुंकतच राहतं. टर्बोचं वजन एकट्या मॅनिफोल्डवर लोंबकळत ठेवू नका, ब्लॉकपासून ब्रॅकेट द्या. डाउनपाइपला (टर्बोनंतरच्या एक्झॉस्टच्या नळीला) लवचिक बेलोज लावा, नाहीतर इंजिन हललं की सगळा ताण टर्बोच्या स्टडवर येतो.

आता तेल. या कामातले सगळ्यात जास्त टर्बो इथं बदनाम होतात. टर्बोत तेल दाबानं जातं, पण बाहेर पडतं ते फेसाळ होऊन आणि फक्त आपल्या वजनानं. टर्बोच्या दांड्यावरचं सील रबरी नसतं, पिस्टनच्या रिंगेसारखी बारीक धातूची कडी असते. साचलेलं तेल ती अडवू शकत नाही. परतीची नळी बारीक असली, कुठं खाली झोका घेऊन पुन्हा वर चढत असली किंवा चेंबरमध्ये तेलाच्या पातळीखाली उघडत असली, की तेल टर्बोत तुंबतं आणि कडीवरून एक्झॉस्टमध्ये उतरतं. सिग्नलवर गाडी उभी राहिली की मागून निळा धूर. मालक नवा टर्बो आणतो, आणि तोही तसाच धूर काढतो.

म्हणून परतीची नळी आतून १६ ते १९ मिलिमीटर, जमेल तितकी सरळ खाली, कुठंही न झुकता, आणि चेंबरला तेलाच्या पातळीच्या वर. फ्लँज वेल्ड करायला चेंबर उतरवाच. ड्रिलच्या टोकाला ग्रीस लावून जागेवरच भोक पाडलं तर बुरादा अडकतो असं काही जण सांगतात. बराचसा अडकतो, पण उरलेले दोन-चार कण तेलाच्या जाळीपर्यंत पोचतात. तेलाच्या फ्लँजवर सिलिकॉन पेस्ट अजिबात नको. आवळल्यावर ती आत दाबली जाते, तुटते आणि तेलाचं भोक बंद करते. गॅसकेटच वापरा.

तेल पुरवणारी नळी तेलाच्या दाबाच्या स्विचजवळ टी बसवून घेता येते. नळी आतून टेफ्लॉनची, बाहेरून स्टीलच्या जाळीची घ्या, साधा रबरी होज इथं जळतो. बॉल बेअरिंगच्या टर्बोला सुमारे १ मिलिमीटर भोकाचा रिस्ट्रिक्टर लागतो. साध्या जर्नल बेअरिंगच्या (तेलाच्या थरावर फिरणाऱ्या) टर्बोला सहसा तो लावायचा नाही, लावलात तर बेअरिंग उपाशी मरतं. या एका फरकामुळं नवे टर्बो जातात. पाण्यानं गार होणारा टर्बो असेल तर पाण्याच्या नळ्या जोडाच, आणि बाहेर पडणारी नळी आत येणारीपेक्षा वर ठेवा, म्हणजे इंजिन बंद केल्यावरही गरम पाणी आपसूक वर सरकत राहतं. एरवी आतलं तेल भाजून कोळसा होतं.

क्रँककेसची हवाही विसरू नका. इनटेककडे जाणाऱ्या पीसीव्हीच्या (क्रँककेसमधली वाफ बाहेर काढणाऱ्या) नळीत एकमार्गी व्हॉल्व्ह हवा, नाहीतर बूस्टचा दाब थेट क्रँककेसमध्ये शिरतो, तेल परत येऊ देत नाही आणि ऑईल सील बाहेर ढकलतो.

वेस्टगेट, म्हणजे जादा एक्झॉस्ट टर्बोला वळसा देऊन बूस्ट आवरणारी झडप, आतला असो की बाहेरचा, त्याच्याकडे जाणारी वाट सगळ्या सिलिंडरांच्या प्रवाहाला सहज मिळाली पाहिजे. कोपऱ्यात, उलट्या कोनात लावला तर झडप पूर्ण उघडूनही वरच्या आरपीएमला बूस्ट चढतच राहतो. कितीही चांगलं बूस्ट कंट्रोलर लावलं तरी हे थांबत नाही. स्प्रिंग ठरवलेल्या किमान बूस्टचीच घ्या, कमी करण्याची सोय नंतर नसते.

इंटरकूलर ०.५ बारलाही हवा. २५ अंशांची हवा या दाबाला ७० टक्के कार्यक्षम कॉम्प्रेसरमधून निघताना ८० अंशांच्या जवळ पोचते. पाईप ५० ते ६३ मिलिमीटरचे पुरतात. टोकांना उंचवटा काढून घ्या, नाहीतर होज ऐन जोरात निसटतो. गाडीला हवा मोजणारा मॅफ सेन्सर असेल तर ब्लो-ऑफची (थ्रॉटल मिटताच सोडून दिलेली) हवा बाहेर न सोडता पुन्हा टर्बोच्या तोंडाशी आणा. ईसीयूनं ती मोजून इंधन ठरवलेलं असतं. बाहेर सोडली तर गिअर बदलताना गाडी काळा धूर काढते आणि बंद पडते.

ईसीयू : इथं काटकसर नको

मूळ ईसीयू बूस्टसाठी बनलेला नसतो. त्याचा मॅप सेन्सर (इनटेकमधला दाब मोजणारा) बहुधा १ बारपर्यंतच, म्हणजे बाहेरच्या हवेच्या दाबापर्यंतच मोजतो, त्यापुढं सगळं त्याला सारखंच दिसतं. २ किंवा ३ बारचा सेन्सर आणि तो समजणारा ईसीयू लागतो : मूळ ईसीयूचं रीफ्लॅश (आतला मॅप बदलणं) होत असेल तर ते, नाहीतर स्टँडअलोन, म्हणजे मूळच्या जागी बसणारा स्वतंत्र ईसीयू. सेन्सरचे संकेत फसवून काम भागवणारे पिगीबॅक अगदी कमी बूस्टला चालतात, पण मूळ ईसीयू काही दिवसांत स्वतःच्या सुधारणा करत त्यांचं काम पुसायला लागतो. फक्त इंधनाचा दाब वाढवून इंधन पुरवणाऱ्या जुन्या युक्तीच्या नादी लागू नका, त्यात इग्निशन टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) तसंच पुढं राहतं.

सुरुवातीचा अंदाज म्हणून दर ०.०७ बार बूस्टला १ अंश टायमिंग मागं घ्या. ०.५ बारला सुमारे ७ अंश. पुढचं डायनोवर, नॉक ऐकत. प्लग एक पायरी थंड (उष्णता लवकर बाहेर टाकणारा), फट ०.६ ते ०.७ मिलिमीटर. फट मोठी राहिली तर दाबाखाली ठिणगी विझते. वाइडबँड सेन्सर (हवा-इंधन प्रमाण मोजणारा) डाउनपाइपमध्ये टर्बोपासून ६० ते ९० सेंटीमीटरवर, नळीच्या वरच्या अर्ध्या भागात तिरका लावा, म्हणजे त्यावर पाणी साचत नाही. इंधनाच्या दाबाचं एक लक्षात असू द्या : इंधनाची परतीची नळी नसलेल्या गाडीत रेलचा (इंजेक्टरांना इंधन पुरवणाऱ्या नळीचा) दाब स्थिर असतो. तो ३.५ बार आणि बूस्ट ०.५ बार, तर इंजेक्टरला प्रत्यक्ष ३ बारच मिळतात, आणि वर काढलेला इंजेक्टरचा हिशेब त्या ३ बारवर तपासायला हवा.

ट्यूनर आधी शोधा, ईसीयू नंतर. ज्याच्याकडून काम करून घेणार तो कुठल्या ईसीयूवर रोज काम करतो ते विचारून तोच घ्या. जवळपास असा माणूसच नसेल, तर तयार मॅप असलेलं किट हाच शहाणपणाचा मार्ग.

मधली वाट

तुमच्याच इंजिनाच्या घराण्यात कारखान्याची टर्बो आवृत्ती आहे का, हे पाहायला विसरू नका. असेल तर तिचा ओतीव मॅनिफोल्ड, टर्बो, तेल-पाण्याच्या नळ्या आणि कधीकधी चेंबरसुद्धा थेट बसतात. असा ओतीव मॅनिफोल्ड वेल्ड केलेल्यापेक्षा सहसा जास्त टिकतो. जुना टर्बो घेताना दांडा पुढं-मागं ओढून पाहा. हाताला हालचाल जाणवली तर नको. बाजूला किंचित हलला तर जर्नल बेअरिंगमध्ये चालतं, फक्त पातं घराला घासता कामा नये. कित्येकदा अख्खं टर्बो इंजिन त्याच्या ईसीयू आणि वायरिंगसह बसवणं या सगळ्यापेक्षा सोपं पडतं, कारण त्याचे पिस्टन आणि मॅप बूस्टसाठीच बनलेले असतात.

ते नसेल तर मॅनिफोल्ड आणि डाउनपाइप तयार घ्या आणि बाकीचं स्वतः जुळवा. जिथं वेल्डिंगचं कसब लागतं तिथं पैसे द्यायचे आणि जिथं फक्त नीट मोजून खरेदी करायची तिथं वाचवायचे, हा आमच्या मते बहुतेकांना झेपणारा तोडगा आहे.

तुलना करताना जुळवणीची पूर्ण यादी लिहा, अगदी कॉपर वॉशर, लॉकनट, हीट शील्ड, कूलंट, दोनदा बदलायचं तेल आणि डायनोचे तास धरून. क्लचही धरा, मूळ क्लच वाढलेल्या टॉर्कला घसरतो. एकूण रकमेत पाचवा हिस्सा दुसऱ्यांदा कराव्या लागणाऱ्या कामांसाठी मिळवा. मग किटच्या किमतीशेजारी ठेवा, पण किटमध्ये जे नाही तेही त्या किमतीत मिळवूनच. उत्सर्जनाचे नियम आणि विमा कंपनी या बदलाला काय म्हणतात, हे पैसे देण्यापूर्वी लेखी विचारा.

पहिल्यांदा सुरू करताना

टर्बोत तेलाच्या भोकातून थोडं स्वच्छ तेल ओता. इंधन आणि इग्निशन बंद ठेवून, परतीची नळी भांड्यात सोडून, त्यातून तेलाची धार येईपर्यंत थांबून थांबून स्टार्टर मारा. मग नळी जोडा, सुरू करा आणि दहा मिनिटं आयडलवर ठेवा. अग्निशामक हाताशी असू द्या. नवा मॅनिफोल्ड थोडा धूर काढतोच, पण तेलाचा वास आला तर ताबडतोब बंद करा.

डायनोवर जाईपर्यंत बूस्टमध्ये जाऊ नका. पहिले ५०० किलोमीटर झाले की इंजिन पूर्ण गार असताना मॅनिफोल्डचे आणि टर्बोचे सगळे नट पुन्हा आवळा, इंटरकूलरच्या क्लिपा पाहा, तेल आणि फिल्टर बदला. प्लग काढून भिंगाखाली धरा. पांढऱ्या पोर्सेलिनवर मिऱ्यासारखे काळे किंवा चकाकते अॅल्युमिनिअमचे ठिपके दिसले तर नॉकिंग सुरू झालंय आणि पिस्टन झिजतोय. अशा वेळी गाडी चालवू नका, टो करून परत ट्यूनरकडे न्या.